उभ्या गाडीचा ब्रेक

कर्नाळ्याची खिंड उतरून तारा गाव मागे पडलं की गोवा महामार्ग खारपाड्याच्या पुलावरून पाताळगंगा ओलांडतो, आणि थोड्याच वेळात जिते येतं. रेल्वेनं यायचं तर पनवेल-रोहा मार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्यामधलं छोटं स्थानक. पलीकडे खारेपाट आणि धरमतरची खाडी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जूनमध्ये इथल्या घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, काडी ओढून ओढून गुल झिजतो. त्याच घराच्या पडवीशेजारी ताडपत्रीखाली एखादी जुनी महिंद्रा जीप उभी असली, तर तिच्या पोटातलं ब्रेक ऑइलही पापडासारखंच हवेतला ओलावा पीत असतं. फरक इतकाच की पापड उन्हात टाकता येतो.

दसऱ्याच्या सकाळी अशा जिपेची आठवण होते. ती धुतली जाते, बॅटरी चार्ज करून आणतात, बॉनेटला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवतात. इंजिन दोन-चार आचके देऊन सुरूही होतं. गाडी अंगणातून बाहेर काढताना ब्रेकवर पाय ठेवला की पेडल लोण्यात सुरी जावी तसं थेट पत्र्यापर्यंत जातं. जुन्या गाडीला नावं ठेवायला निमित्तच हवं असतं, मग कुणीतरी म्हणतं, ‘जित्याची खोड.’ या गावात तो विनोद हमखास होतो. पण ही खोड गाडीची नाही, ती उभी ठेवण्याची आहे. जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर धावून जितका झिजतो, त्याहून जास्त तो उभं राहून मरतो, असं माझं मत आहे. कोकणात तर नक्कीच.

मास्टर सिलिंडर म्हणजे ब्रेकच्या पेडलाला जोडलेला पंप. आत एक दट्ट्या, दट्ट्यावर रबरी वाट्या, मागे ढकलणारी स्प्रिंग आणि वर ऑइलची टाकी. पायाचा दाब तो ऑइलला देतो, आणि ऑइल नळ्यांतून चारही चाकांतल्या छोट्या सिलिंडरांपर्यंत तो जसाच्या तसा पोचवतं. बंद भांड्यातल्या द्रवावर कुठंही दिलेला दाब सगळीकडे सारखाच पसरतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कालनं सांगितलं. शाळेत आपण ते पाठ केलं आणि विसरलो. जिपेखाली आडवं झाल्यावर ते परत आठवतं.

आकडे घालून पाहू. समजा पायानं पंचवीस किलोचा जोर दिला आणि पेडलाच्या तरफेनं तो पाचपट झाला, तर दट्ट्यावर सव्वाशे किलो आले. दट्ट्याचा व्यास एक इंच असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण पाच चौरस सेंटीमीटर भरतं. म्हणजे ऑइलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला पंचवीस किलोचा दाब, टायरमधल्या हवेच्या दहा-बारापट. बाजारात एक इंची मिळाला नाही म्हणून पाऊण इंची सिलिंडर बसवला, तर तोच पाय सुमारे चव्वेचाळीस किलोचा दाब तयार करील. ऐकायला हा फायदाच वाटतो. पण बारीक दट्ट्या एका चालीत ऑइल कमी ढकलतो, त्यामुळे ब्रेकचे शू चाकातल्या ड्रमला टेकायच्या आधीच पेडल संपतं. उलट मोठ्या मापाचा बसवला तर पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबता थांबत नाही. म्हणून सिलिंडर घेताना ओतकामावर कोरलेलं माप वाचायचं. ‘याच्यावर पण बसतो’ हे दुकानदाराचं वाक्य बोल्टांच्या भोकांपुरतं खरं असतं.

दट्ट्या-वाट्यांची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत माल्कम लॉकहीडनं १९१७ मध्ये द्रवदाबाच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांमुळे प्रसिद्ध झालेल्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. १९२१ च्या ड्यूसेनबर्गला चारही चाकांना असे ब्रेक मिळाले, आणि १९२४ च्या क्रायस्लरमुळे ते साध्या गिऱ्हाइकापर्यंत आले. त्या काळी ब्रेक ऑइल म्हणून एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरत. एरंडेल रबराला इजा करत नाही, हे त्यामागचं कारण. आजचं ब्रेक ऑइल मात्र तेल नाहीच. ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे, आणि त्याला ‘ऑइल’ म्हणण्याच्या आपल्या सवयीनं किती गाड्यांचं वाटोळं केलं असेल ते सांगवत नाही. टाकी रिकामी दिसली आणि हाताशी इंजिन ऑइलचा डबा होता म्हणून चार थेंब त्यातले टाकले, की खनिज तेलानं आतलं प्रत्येक रबर फुगायला लागतं. वाट्या फुगून सिलिंडरात अडकतात. मग मास्टर सिलिंडर, चार चाकांतले सिलिंडर, होज पाइप असं जिथंजिथं रबर आहे तिथंतिथं बदलावं लागतं. तोच घोळ पेट्रोलनं होतो. सुटे भाग पेट्रोलमध्ये धुण्याची गॅरेजातली सवय इंजिनाला चालते, ब्रेकला चालत नाही. इथं स्पिरिट वापरायचं नाहीतर ताजं ब्रेक ऑइलच.

आता पाण्याकडे येऊ. ग्लायकॉलला ओलावा आवडतो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, रबरी होजमधूनही थोडी वाफ आत झिरपते, आणि महिन्यामागून महिने ऑइल पाणी गोळा करत राहतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. सपाट रस्त्यावर हा फरक कळत नाही. पेण-खोपोली रस्त्यानं पुढं जाऊन बोरघाट चढायचा आणि परतताना ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं, तेव्हा ड्रम तापतात, चाकातलं ऑइल तापतं आणि त्यातलं पाणी वाफ होतं. साध्या दाबाला पाण्याच्या एका थेंबाची वाफ सोळाशेपट जागा मागते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय नुसती वाफ दाबत बसतो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. चहाला थांबून निघालं की ब्रेक परत ठणठणीत! ‘गाडी जरा तापली होती’ म्हणून विषय मिटतो.

पाण्यानं भरलेल्या रस्त्यातून गाडी काढल्यावर ब्रेक लागत नाहीत, तो प्रकार वेगळा. तिथं पाणी ड्रमच्या आत शिरून लायनर ओले झालेले असतात. हळू चालत पाच-सहा वेळा हलका ब्रेक दाबला की घर्षणाच्या उष्णतेनं ते वाळतात. आतल्या पाण्याला असा उपाय नाही.

उभ्या गाडीत तर घाटाचीही गरज पडत नाही. पाणी पिऊन पिऊन ऑइल बिघडतं आणि ओतीव लोखंडी सिलिंडराच्या तळाला गंज धरतो. रबरी वाटी जिथं विसावलेली असते तिच्या आसपास बारीक खड्ड्यांची रांग तयार होते. रोज धावणाऱ्या गाडीत वाटी त्या भिंतीवरून सतत फिरत असते, ऑइलचा थर पसरत राहतो. उभ्या गाडीत सगळं एका जागी थिजलेलं. मग दसऱ्याला कुणीतरी पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ताठरलेल्या रबराची कड त्या खड्ड्यांवरून किसणीवर नारळ फिरावा तशी फिरते.

जिपेत आणखी एक अडचण आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीला महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जिपा जोडायला सुरुवात केली. युद्धातल्या जिपेचं पेडल पायाखालच्या पत्र्यातून वर येई आणि मास्टर सिलिंडर त्या पत्र्याच्या खाली चासीला लटके. मुंबईत जोडलेल्या सीजे-३बी मॉडेलनं ती रचना तशीच घेतली, आणि आपल्याकडे ती दशकानुदशकं बनत राहिली. म्हणजे चिखल, शेण, भाताच्या खाचरातलं पाणी, खाडीची खारी हवा हे सगळं थेट सिलिंडरावर. ऑइल पाहायचं तर चटई उचला, पत्र्यातली छोटी पट्टी काढा, खालच्या बुचाभोवतीची माती झाडा आणि मग बूच उघडा. माती झाडायचा कंटाळा केला तर ती टाकीत. एवढा खटाटोप आहे म्हणूनच तिथं वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. कुर्ल्याला बनलेल्या फियाट आणि पद्मिनी तुलनेनं सुखी, बहुतेक जणी मुंबईच्या डांबरावर फिरल्या. त्यांच्यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. जिपा अजून वाड्यांवर आहेत.

सिलिंडर बदलायचा ठरवण्याआधी दोष खरंच त्याचा आहे का ते पाहावं. पहिल्या दाबाला पेडल खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर लागतं, तर बहुधा चाकातले शू सैल झालेत. ते ॲडजस्ट केले की निम्म्या तक्रारी संपतात, आणि नवा सिलिंडर आणायचे पैसे वाचतात. पेडल स्पंजासारखं लागलं तर हवा आहे. गाडी उभी असताना पेडल दाबून धरलं आणि ते न थांबता हळूहळू खाली सरकत गेलं, बाहेर मात्र कुठं थेंबही दिसत नाही, तर पुढची वाटी आतल्या आत ऑइल मागे सोडते आहे. मग मास्टर गेलाच. मागच्या टोकाच्या रबरी टोपीखाली ओल दिसली, तर मागची वाटीही गेली.

नुसतं रबरी वाट्यांचं किट टाकायचं की अख्खा सिलिंडर, यावर गॅरेजात पैज लागते. सिलिंडर सोडून आतून बोट फिरवा. भिंत काचेसारखी लागली तर किट पुरतं. हलके डाग असतील तर होनिंग करून निघतात. नखाला खड्डा लागला तर घासत बसण्यात अर्थ नाही, घासून व्यास वाढला की नवी वाटी सैल बसते. अशा वेळी आत पितळी किंवा स्टेनलेसची नळी बसवून घेतात. दुर्मीळ गाडीला तोच मार्ग, आणि पितळ गंजत नाही म्हणून कोकणासाठी तो मला नव्या सिलिंडराहूनही बरा वाटतो. जिपेसाठी नवाही मिळतो. त्यासाठी मुंबईत ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ पालथी घालायची. जुन्या पण न वापरलेल्या मालाला मात्र भुलू नये. वीस वर्षं खोक्यात पडलेल्या सिलिंडरातलं रबरही वीस वर्षं म्हातारं झालेलं असतं.

काढण्याच्या कामात बुद्धीपेक्षा सबुरी लागते. चाकांना दगड लावायचे, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीच सोडायची नाही, खाली स्टँड हवेत. आदल्या रात्री ब्रेक पाइपच्या नटावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. नट सोडायला साधा पाना वापरला तर त्याचे कोपरे गोल होतात, तो जवळजवळ सगळा नट कवेत घेणारा फ्लेअर पाना लागतो. तरीही नट पाइपाला चिकटलेला असतो आणि पाइप त्याच्याबरोबर पिळत जातो. तसं दिसलं तर थांबायचं आणि मागे-पुढे करत हलवायचं. पाइप तुटलाच तर स्टीलचा, टोकाला दुहेरी फ्लेअर काढलेला घ्यावा. साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून सर्रास घालतात, पण थरथरीनं तो कडक होत जातो आणि एक दिवस चिरतो. गळणाऱ्या ऑइलखाली फडकं धरावं. हे ऑइल रंग खातं, चासीवरच्या नव्या काळ्या रंगाचे तासाभरात फुगे येतात.

नवा सिलिंडर बसवताना एका गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात, त्यातलं एक सुईएवढं. पेडल सोडलेलं असताना हे भोक उघडं राहिलं पाहिजे. ब्रेक लागल्यावर ऑइल तापून फुगतं, ते जास्तीचं ऑइल याच वाटेनं टाकीत परततं. पेडलापासून दट्ट्यापर्यंतची दांडी जरा लांब झाली आणि दट्ट्या थोडा पुढेच ढकललेला राहिला, की वाटी ते भोक झाकते. पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी बरी चालते. मग ती जड होते, ड्रम तापतात, त्यानं ऑइल आणखी फुगतं, आणि शेवटी पाय काढलेला असतानाही चारी चाकं करकचून धरतात. म्हणून दांडी आणि दट्ट्या यांच्यात मिलिमीटरभर मोकळी चाल ठेवायची. पेडलाला बोटानं हलवलं की ती कळते.

मग हवा काढायची. मास्टर गाडीला लावण्याआधी वाइसमध्ये धरून, तोंडाला वाकवलेल्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतच बुडवायची आणि स्क्रू ड्रायव्हरनं दट्ट्या हळूहळू ढकलत राहायचं. बुडबुडे थांबले की मास्टर तयार. ही पायरी गाळली तर सिलिंडरातच अडकलेली हवा चाकांकडून काढता काढता दिवस जातो. हवा किती नडते ते मघाच्या हिशेबानंच पाहा. चहाचा एक चमचा म्हणजे पाच घन सेंटीमीटर हवा आत राहिली, तर ती दाबण्यातच दट्ट्याची जवळजवळ एक सेंटीमीटर चाल संपते, आणि तरफेमुळे पेडलाची पाच. पेडलाच्या चालीतला हा मोठाच वाटा म्हणा ना.

चाकांची हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलावर आणि एक चाकाशी. सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची. आपल्याकडे उजवीकडे स्टिअरिंग असल्यानं ते मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं. मग कोणत्याही गॅरेजात ऐकू येणारा संवाद सुरू होतो. ‘मार पंप.’ ‘मारला.’ ‘धर, सोडू नको रे.’ मिस्त्री निपल पाव आटा उघडतो, नळीतून बुडबुडे जातात, पेडल खाली बसतं. ‘बंद केलं. आता सोड.’ पोरानं घाई करून बंद करायच्या आधी पाय उचलला की हवा परत आत, आणि त्यानंतर मिस्त्री जे बोलतो ते इथं छापता येणार नाही. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहायची. जिपेची टाकी इवलीशी, ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. नळीतून येणारं जुनं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. ते मधासारखं स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही, आणि बाटलीत जमलेलं परत टाकीत ओतायचं नाही.

मास्टर जुनाच ठेवून नुसतं ऑइल बदलताना एक जपावं. पंप मारताना पेडल तळापर्यंत हाणू नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. एरवी वाटी जिथवर कधी जात नाही तिथं गंज वाट पाहत असतो. ‘काल ऑइल बदललं आणि आज मास्टर गेला’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं.

उभ्या गाडीसाठी सिलिकॉनचं डॉट ५ घाला, असा सल्ला हल्ली हौशी मंडळी देतात. ते पाणी पीत नाही हे खरं. पण आत शिरलेलं पाणी मग कुठंच न मिसळता सर्वांत खालच्या जागी साचतं आणि तिथंच गंज धरतो. शिवाय ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, म्हणून आधीचं सगळं ऑइल आणि रबर काढावं लागतं. मला विचाराल तर डॉट ४ ची लहान बाटली घ्या, फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, आणि दर दुसऱ्या दिवाळीला, पावसाळा संपल्यावर, ऑइल बदला. महिन्यातून एकदा गाडी गावातून फिरवून आणा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद केली तर रोजच्या वापराला बंदी येते. पण देखभालीसाठी आणि इंधन भरायला ती बाहेर काढता येते, तेवढं पुरे.

या जिपांच्या ब्रेकला एकच मार्ग असतो. एका चाकाची नळी फुटली तर चारी चाकांचे ब्रेक जातात. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे ठेवणारा दुहेरी मास्टर अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना सक्तीचा झाला, आपल्या जुन्या जिपांच्या भाग्यात तो नव्हता. त्यांचा हँडब्रेक मात्र ऑइलवर नसतो. तो गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसवलेला असतो आणि केबलनं चालतो. काम झाल्यावर पहिली चाचणी घेताना तो चालू आहे ना, हे आधी पाहायचं. मग रिकाम्या कच्च्या रस्त्यावर पायी चालण्याच्या वेगानं ब्रेक लावायचा, मग थोड्या जास्त वेगानं. गाडी एका बाजूला ओढते का, थांबल्यावर चाकं मोकळी फिरतात का, चारी ड्रमना हात लावल्यावर एखादाच जास्त तापलाय का, ते बघायचं. महामार्ग त्यानंतर.

त्या रात्री जीप पडवीशेजारी उभी करताना मास्टरखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवावं. सकाळी कागदावर रुपयाएवढा ओला डाग असला तर पाइपाचा नट पाव आटा आणखी आवळायचा, कागद बदलायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत वाकून बघायचं.